पुन्हा बाकावर : वेळ कुणाकडून मागायचा?

(नोकरी, धंदा, घरदार सांभाळून शिकणाऱ्यांच्या प्रश्नांचं सदर)

नव्या वाचकांसाठी आधी माझी ओळख. दहावीत मी १९७८ साली गणितात नापास झाले, पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि कराडला शिलाई मशीनवर बसले. १९९५च्या मार्चमध्ये सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून पुन्हा परीक्षा दिली. गणित सुटलं, पण इंग्रजीत एकतीस मिळाले. पस्तीसला चार कमी. ते चार ऑक्टोबरला मिळवले. पुढे मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी, बी.ए., मग मराठीत एम.ए. आणि त्यानंतर बरीच वर्षं तिथल्याच अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रांना समंत्रक, म्हणजे शिकवणारी. तेव्हा खालचा सल्ला पुस्तकातून कमी आणि मशीनच्या ड्रॉवरमधून जास्त आला आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : ताई, मी एकेचाळीस वर्षांची अंगणवाडी मदतनीस आहे. फॉर्म नंबर सतरा भरून बारावी कला शाखेला बसते आहे. बारावी झाले तर पुढे सेविका होण्याची आशा आहे. पहाटे पाचला उठते, दोन म्हशींचं करते, डबे करते, साडेनऊला अंगणवाडी. दोनच्या पुढे घरी. संध्याकाळी पुन्हा धार, डेअरीला दूध घालायचं, स्वयंपाक. रात्री दहाला पुस्तक उघडते आणि दहा मिनिटांत झोप लागते. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, मालक टेम्पोवर असतात, सासूबाई घरीच असतात. मुलीनं मला वेळापत्रक करून दिलं, पण ते एकही दिवस जमलं नाही. मी आळशी आहे का? – पाटण तालुक्यातून एक मदतनीस

उत्तर : पहाटे पाचला उठून रात्री दहाला पुस्तक उघडणारी बाई आळशी कशी असेल? सतरा तास उभ्यानं काढल्यावर अंग गादीवर टेकलं की झोपच येणार. रात्री दहाचा अभ्यास आजपासून बंद करा. मुलीचं वेळापत्रकही प्रेमानं घडी करून ठेवून द्या. ते दहावीच्या मुलीचं वेळापत्रक आहे. त्यात म्हशी नाहीत.

मीही असलं एक केलं होतं. तीन रंगांच्या पेनांनी, पहाटे चार ते सहा बीजगणित वगैरे. नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी पाहुणे आले, आणि ते गेल्यावर त्या कागदाकडे बघायचीच लाज वाटायला लागली.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यात दोन जागा सापडल्या. पहिली, दुपारी दोन ते चार. अंगणवाडीतून आल्यावर काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे त्या वेळात भांडी, निवडणं, टिपणं असलं कुणाच्या नजरेत न येणारं काम होत असणार. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी नेसून आज्या पाटी घेऊन बसल्या, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. ती शाळा दुपारी दोन ते चार भरायची, कारण तोवर बायकांची घरची कामं आटोपलेली असतात. शिकवणाऱ्यांनी शिकणारणींची सवड आधी पाहिली. तुमच्यासाठी शाळा वेळ बदलणार नाही, तेव्हा तुमची शाळा तुम्हीच दोनला भरवा.

दुसरी जागा म्हणजे संध्याकाळचं दूध. डेअरीपर्यंत जाणं, रांग, फॅट लागेपर्यंत थांबणं, चार बायकांशी बोलणं, परत येणं. अर्धा-पाऊण तास सहज जातो. मुलगा सातवीत आहे ना? किटली त्याला उचलते.

इथेच खरी अडचण सुरू होते. ‘वेळ काढा’ असं सगळे सांगतात, जणू तो कणगीत भरून ठेवलेला आहे. घरातल्या बाईचा वेळ आधीच कुणाकुणाला दिलेला असतो, म्हणून तो कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो. कुणाकडून, ते नाव घेऊन ठरवा. मी तो गिऱ्हाइकांकडून घेतला. मशीनच्या वर पाटी लटकवली : ‘दुपारी २ ते ४ शिलाई बंद’. दोन बायका दुसऱ्या टेलरकडे गेल्या. एक गेली ती गेलीच. दुसरी दिवाळीआधी परत आली, त्यानं मुंढा आखूड कापला म्हणून!

तुम्ही सासूबाईंकडून घ्या, पण नीट मागा. ‘मला अभ्यासाला वेळ द्या’ असं म्हणालात तर त्या ‘घे की, कोण नको म्हणतंय’ म्हणतील आणि काहीच बदलणार नाही. एकच काम सांगा आणि त्याला शेवटची तारीख लावा : ‘आत्या, परीक्षा होईपर्यंत संध्याकाळची भाजी तुम्ही निवडून चिरून ठेवाल का?’ मुदत असली की माणसं हो म्हणतात. कायमचं काम कुणालाच नको असतं. आणि भाजी जाड चिरली गेली तर ती जाडच खा. हे वाक्य मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. काम दुसऱ्याला देऊन पुन्हा मागे उभं राहून बघणाऱ्या बायकांचा अभ्यास होत नाही, हे मी केंद्रावर ढिगानं पाहिलं आहे.

आता त्या पाऊण तासात काय करायचं? वीस मिनिटं वाचा. मग पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते मोठ्यानं सांगा, भिंतीला सांगितलं तरी चालेल. अडलं तिथं परत उघडा. ही माझी टूम नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याला परीक्षा पाच मिनिटांनी द्यायची नसते.

आणि आठवायला पुस्तक लागत नाही. मी काज-हूक करताना आठवायची. तुम्ही भाकरी थापताना आठवा. दुपारी वाचलेले समाजशास्त्राचे चार मुद्दे संध्याकाळी चार भाकऱ्यांवर. तिसरा मुद्दा आठवला नाही तर भाकरी उलटून झाल्यावर मुलीला पुस्तकात बघायला सांगा. तेवढंच तिचंही लक्ष राहतं.

एक आणखी. पुस्तक फाडा. मला ठाऊक आहे, आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. मी इतिहासाचं पुस्तक धड्याधड्यानं उसवलं, प्रत्येक धड्याला दोन टाके घातले आणि एकेक धडा ड्रॉवरमध्ये रिळांशेजारी ठेवला. अख्खं पुस्तक बघितलं की छाती दडपते, तेच बारा पानं बघितली की वाटतं, हे चारच्या आत होईल. सुट्टा धडा अंगणवाडीच्या पिशवीतही मावतो.

शेवटी एक कोरडी सूचना. ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून तुमचा फॉर्म गेला तिथे स्वतः जाऊन तोंडी परीक्षा आणि प्रकल्प यांच्या तारखा वहीत लिहून आणा. बाहेरून बसणाऱ्यांना त्या आपोआप कळत नाहीत आणि वीस गुण फुकट जातात.

प्रश्न : नमस्कार ताई. मी छत्तीस वर्षांचा एसटीत कंडक्टर आहे, चिपळूणकडचा. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय, दुसरं वर्ष. माझा प्रॉब्लेम मोटिव्हेशनचा आहे. पुस्तकांचा संच आला की चार दिवस जोरात होतो, मग पंधरा दिवस हात लागत नाही. ड्युटी आज दिवसाची, उद्या मुक्कामी. मोबाइलवर प्रेरणादायी व्हिडिओ बघतो, तेवढ्यापुरतं रक्त सळसळतं. परीक्षा मेमध्ये, आणि त्याच वेळी लग्नसराई, जादा गाड्या, रजा नाही. काय करू?

उत्तर : दादा, आधी व्हिडिओंचं. जितक्या वेळात एक भाषण बघून होतं तितक्यात राज्यशास्त्राच्या एका घटकाची, म्हणजे धड्याची, पाच-सहा पानं होतात. भाषण ऐकून अभ्यास केल्याचं समाधान मिळतं, हाच त्यातला धोका. पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण झालेलंच नसतं.

उत्साहाची वाट बघू नका. सकाळी साडेपाचची गाडी काढताना तुम्हाला उत्साह असतो का? ड्युटी लागलेली असते म्हणून निघता, आणि घाट उतरेपर्यंत मनही जागं होतं. अभ्यासाला तशी ड्युटी लावून घ्या. तुमचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, म्हणून वारांचं वेळापत्रक तुमच्या कामाचं नाही. ड्युटीचा चार्ट लागला की आपल्या वहीत त्याच्याच शेजारी अभ्यास मांडा. दिवसाची ड्युटी असेल तर दोन पानं, जास्त नाहीत. सुट्टी असेल तर एक स्वाध्याय लिहून. मुक्कामी असेल तर एक पूर्ण घटक.

मुक्कामी गाडी म्हणजे तुमच्यासाठी लॉटरी आहे, अजून तुमच्या लक्षात आलेलं नाही. शेवटचा थांबा, रात्री आठ-साडेआठ, पॅसेंजर उतरलेत, हिशेब जुळवून झाला, ड्रायव्हरदादा आडवे झालेत, गावात रेंज येते न येते. माझ्या केंद्रावर एक कंडक्टर होते, ते म्हणायचे की घरी चार माणसांत जे होत नाही ते त्या गावच्या देवळाच्या ओसरीवर होतं. ते तिकिटाच्या पेटीत एक घटक घडी घालून ठेवायचे आणि वर चार्जिंगचा छोटा दिवा. मोबाइलच्या टॉर्चवर वाचू नका. एक तर डोळे ताणतात, दुसरं म्हणजे हात मोबाइलवर गेला की तो राज्यशास्त्रावर परत येत नाही.

घटक वाचताना त्यातले स्वयंअध्ययनाचे प्रश्न ओलांडून पुढे जाऊ नका. सगळे ओलांडतात, म्हणून सांगते. आपली पुस्तकं शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली असतात. नाशिकला १९८९ साली हे विद्यापीठ निघालं ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत, आणि घरोघरी गुरुजी पाठवता येत नाहीत, म्हणून गुरुजींचे प्रश्न पानात घातले. ते सोडून वाचलं तर पुस्तक वर्तमानपत्रासारखं वाचून होतं.

तुमचे चार दिवस आणि पंधरा दिवस याबद्दल एकच. खाडा पडणारच आहे. गणपतीत कोकणातल्या कंडक्टरनं अभ्यास करायचं ठरवणं म्हणजे पावसाळ्यात वाळवण घालणं. ते दिवस वहीत आधीच कोरे सोडा. कोरे सोडलेले दिवस बुडाले तर मन खात नाही. अभ्यासाचे म्हणून ठरवलेले बुडाले की मात्र खातं, आणि मग आपण त्या वहीलाच टाळतो. खाड्यानंतर परत बसाल तेव्हा राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. त्या दिवशीची दोन पानं फक्त.

रजेचं मात्र आजच बघा. मेमध्ये रजा मागायला गेलात तर कंट्रोलर हात जोडेल. वेळ कुणाकडून मागायचा, हे मदतनीस ताईंना सांगितलं, तुमच्याबाबतीत ते म्हणजे सहकारी. यंदा दिवाळीत एखाद्याची ड्युटी आपणहून करा आणि तेव्हाच बोलून ठेवा की परीक्षेच्या दिवशी तो तुमची करेल. अर्जासोबत परीक्षेचं वेळापत्रक जोडायचं ते जोडाच, पण ड्युटी बदलायला माणूस तयार आहे, हे सांगितलं की साहेबालाही सही करणं सोपं जातं.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. वय चव्वेचाळीस. १९९७ला दहावीत गणित आणि इंग्रजीत उडालो. आता परत बसावं वाटतं, पण एक आठवडा दिवसपाळी, एक रातपाळी, बारा-बारा तास. मुलगा नववीत आहे. त्याच्यासमोर गणिताचं पुस्तक उघडायची लाज वाटते.

उत्तर : लाज वाटते तिथूनच सुरू करू. मुलाला म्हणा, ‘मला हे शिकव.’ नववीच्या पोराला बापाला शिकवायला मिळणं हा केवढा मान आहे! आणि जो शिकवतो त्याचंच जास्त पक्कं होतं, त्यामुळे यात तुमच्यापेक्षा त्याचा फायदा मोठा. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. तो चिडला तर चिडू द्या. आपणही त्याला शिकवताना चिडलेलो असतो.

गणित येत नाही, हे मी मानत नाही. बावन्न पिकाच्या (इंचाला बावन्न आडवे धागे) कापडाला मीटरमागे इतके पैसे, मग साठ पिकाला किती, आठवड्याचे मीटर इतके, उचल वजा जाता हातात किती, हे तुम्ही दिवाणजीच्या आधी तोंडी काढता. नाही काढलं तर फसाल. त्यालाच पुस्तकात गुणोत्तर आणि प्रमाण म्हणतात. तिथून आत शिरा. बीजगणिताच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका. तुम्ही तिथेच उडाला होतात आणि ते पान बघितलं की १९९७ साल आठवेल.

पाळीचं असं करा. रातपाळी सुटून आल्यावर सकाळी गणित नाही, काही नाही, झोपा. झोपेतून उठून चहा झाल्यावर, पुन्हा कारखान्यात जायच्या आधी अर्धा तास इंग्रजी. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री मुलासोबत गणित. मागांच्या खडखडाटात मोठ्यानं बोललं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, तेव्हा इंग्रजी शब्द तिथे घोकायला हरकत नाही. पण धोटा बघत राहा, बोट जपा.

काम करणाऱ्या मोठ्या माणसांनी दिवस मावळल्यावर शिकणं आपल्याकडे नवं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. खुद्द जोतिरावांचं शिक्षण मध्ये तुटलं होतं आणि ते १८४१ साली परत शाळेत गेले. तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उशिरा जाताय, एवढंच.

अभ्यासाच्या आधी जुनं गुणपत्रक घेऊन जवळच्या शाळेत जा आणि सगळे विषय द्यावे लागतील की दोनच, हे लेखी विचारा. अभ्यासक्रम तेव्हाचा राहिलेला नाही.

प्रश्न : माझी पत्नी पस्तिशीत बी.ए. करते आहे. माझा पाठिंबाच आहे. पण हल्ली जेवायला नऊ-साडेनऊ होतात, मुलांच्या वह्या बघायला कुणी नाही, तिची चिडचिड वाढली आहे. घर आणि अभ्यास यांचं टाइम मॅनेजमेंट तिला कसं समजवावं?

उत्तर : पत्रात तुम्ही घरी किती वाजता येता, ते लिहिलेलं नाही.

माधवराव रानड्यांचं रमाबाईंशी लग्न झालं १८७३ साली, त्या अकरा वर्षांच्या होत्या. माधवरावांनी त्यांना लगेच शिकवायला सुरुवात केली. दिवसा घरातल्या बायका रमाबाईंना त्यावरून टोमणे मारायच्या. पाठिंबा माधवरावांचाही होता, पण तो त्यांनी स्वतः रोज शिकवायला बसून दिला. तुम्हाला शिकवायचं नाही, फक्त कुकर लावायचा आहे. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वरच्या डब्यात डाळ. तीन शिट्ट्या. त्या वेळात मुलांच्या वह्या बघून होतात. आठवडाभर करा. चिडचिड कमी झाली नाही तर मला पुन्हा लिहा, मग आपण पत्नीला काय समजवायचं ते बघू.

माझ्या परीक्षेच्या दिवशी आमच्या ह्यांनी पोहे केले होते. मीठ दोनदा पडलं होतं. मी सगळे खाल्ले.

प्रश्न : मी त्रेसष्टची आहे. बी.ए.ला नाव घातलं. सून विचारते, आता शिकून काय करणार? काय सांगू?

उत्तर : काही सांगू नका. पुस्तकांचा संच आला की सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घाला आणि त्यावर तुमचं नाव लिहा. माहेरचं लिहायचं की सासरचं, ते तुम्ही ठरवा. गुणपत्रिकेवर मात्र प्रवेशअर्जात लिहिलंत तेच येईल, म्हणून अर्जाची झेरॉक्स जपून ठेवा.